दोन घरं उतरलेली पेटी

दसरा आटोपला की बोरी अरबच्या रस्त्यावरच्या बाभळींना कापूस लागतो. दारव्ह्याच्या जिनाकडे जाणाऱ्या गाड्या इतक्या फुगवून भरलेल्या असतात की दोन्ही बाजूंची झाडं जाता जाता त्यांच्यातून आपला वाटा ओढून घेतात. मग महिनाभर काट्याकाट्यावर पांढरे पुंजके. सोयाबीन निघून गेलेलं असतं आणि त्याच्या कुटाराचा, म्हणजे भुशाचा, कोरडा, नाकाला खाज आणणारा वास गावभर असतो. तुरीला पिवळी फुलं येतात. पहाटे अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटतं आणि आठ वाजता ते काढून टाकावंसं वाटतं. हा आमचा काकड्याचा महिना. कोजागिरीपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत रोज पहाटे साडेचारला विठ्ठल मंदिरात भजन. उद्देश देवाला उठवण्याचा. भोंग्याचं तोंड मात्र गावाकडे असतं.

काकडा सुरू झाला हे मला हल्ली न्हाणीच्या पत्र्यावरून कळतं. पत्र्यावर तळहात ठेवला की मृदंग येतो. पेटी येत नाही. झांज तर कुठल्याच पत्र्यावर येत नाही, ती माझ्यापुरती जगातून गेली. तीस वर्षं मी या देवळात पेटी वाजवली, आणि तिच्यातलं खालचं सप्तक तेवढं आता माझ्याकडे उरलं आहे, तेही कुणी अगदी शेजारी बसून वाजवलं तर.

परवा कोजागिरी. बाभळींवर कापूस दिसायला लागल्यापासून मला मागच्या वर्षीचा कार्तिक आठवतो आहे. तो सगळा महिना मी एका माणसाचा सूड घेण्यात घालवला. इतक्या नियमितपणे मी देवळात पेटी वाजवायलाही कधी गेलो नव्हतो.

कान गेले ते जिनात. मी तिथं फिटर होतो. सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या यंत्रांची रांग, हंगामात दिवसरात्र चालू. त्या आवाजात कोणी बोलत नाही. ओठ हलवायचे, बोटं हलवायची, भुवया उडवायच्या. पाळी बदलताना फाटकावर येऊन माणसं पुन्हा आवाजात बोलू लागत, तेव्हा ती सगळी मला जरा खोटी वाटत. कानात बोळे घालायची पद्धत आमच्याकडे नव्हती. भोवती कापसाचे डोंगर होते आणि एकालाही त्यातला चिमूटभर कानात घालावासा वाटला नाही, याचं कारण मला अजून सापडलेलं नाही. इतकी वर्षं ओठ वाचायची सवय असल्यामुळे आपल्याला ऐकू येणं बंद होत चाललं आहे हेही फार उशिरा कळलं. मला वाटे, लोक हल्ली पुटपुटतात.

शेवटी यवतमाळला जाऊन तपासणी केली. काचेची एक लहान खोली, कानावर यंत्र, हातात बटण. आवाज आला की बटण दाबायचं. बराच वेळ काही आलं नाही. पेटीवाल्या माणसाला सूर ऐकू येत नाही हे त्या तपासनीस बाईंसमोर कबूल करणं मला जमेना. म्हणून मी अंदाजानं दाबत राहिलो. काही वेळानं त्या दार उघडून आत आल्या आणि माझ्यासमोर वाकून म्हणाल्या, "काका, मशीन मी केव्हाची बंद केली आहे. तुम्ही दाबताय ते फार छान तालात आहे, पण कशाला?"

कानाचं यंत्र मिळालं. त्यातून ताटवाट्या उत्तम ऐकू येतात. पेटी मात्र पत्र्याच्या डब्यात कोंडलेल्या मधमाश्यांसारखी येते. लग्नात मी ते यंत्र लावतो आणि भाषणं सुरू झाली की काढतो. त्या बाबतीत मी गावातल्या पुष्कळ माणसांपेक्षा सुखी आहे. पण कान मिटले म्हणून शांतता मिळाली असं कोणी समजू नये. माझ्या डोक्यात एक बारीक सूर चोवीस तास लागलेला असतो. पेटीवरच्या काळी चार या पट्टीच्या जरासा वर. आयुष्यभर दुसऱ्यांचे सूर लावून दिले, आणि स्वतःच्या डोक्यातला हा एक मला लावताही येत नाही, उतरवताही येत नाही.

दुसऱ्यांचे सूर लावून दिले, हे खरंच. पेटी वाजवणं हा माझा शौक, आणि पेट्या लावणं, म्हणजे बिघडलेले सूर जुळवून देणं, हा जोडधंदा. पेटीच्या आत प्रत्येक पट्टीखाली एक पितळी जीभ असते. तिला आम्ही सूरच म्हणतो. प्रत्येक सुराचं एक घर असतं, तिथं तो स्क्रूनं बसवलेला असतो. सूर मुळाशी खरवडला तर उतरतो, टोकाशी घासला तर चढतो. दोन सूर जवळ आणले की त्यांच्यात एक थरथर होते. ती हळू हळू मंदावते आणि जुळले की थांबते. ही थरथर मी कानानं ऐकायचो. कान गेल्यावर शब्बीरभाईनं दुसरा रस्ता दाखवला. शब्बीरभाई आमच्या जिनातला मोठा मिस्त्री. यंत्राचं बेअरिंग बिघडलं आहे का हे पाहायला तो लांब पेचकसाचं पातं बेअरिंगवर टेकवायचा आणि मूठ दातांत धरायचा.

"कान झूठ बोल सकता, वामनभाऊ," तो म्हणायचा. "दात नाही बोलत. करून पाहा तुमच्या पेटीवर."

करून पाहिलं. पेचकस दातांत, पातं सुराच्या घरावर, डावा हात भात्यावर. जबड्यातून थरथर आली. ती मंदावली, थांबली. मी उठलो, अंगणात जाऊन आलो. आमची ही, म्हणजे कुसुम, भांडी घासता घासता माझ्याकडे बघत होती. नवरा देवाची पेटी चावताना पाहून तिनं काय समजूत करून घेतली असेल, तिलाच माहीत.

आता उत्तमबुवा. गावाचे गायक, मंडळाचे प्रमुख आणि आवाज टिकवण्याच्या शास्त्राचे आमच्या पट्ट्यातले एकमेव जाणकार. त्यांचा सूर काळी तीन, म्हणजे पेटीवरची तिसरी काळी पट्टी हा त्यांचा षड्ज. पुरुषाच्या गळ्याला हा उंच सूर. तरणेपणी कोणाकोणाला जमतो, पन्नाशीनंतर उतरतो. बुवांचा उतरला नाही. सप्ताहाच्या पत्रिकेवर त्यांच्या नावाखाली कंसात "काळी तीन" असं छापलेलं असे, जसं काहींच्या नावाखाली पदवी छापतात. पहाटे ज्येष्ठमध, रात्री हळद, आंबट वर्ज्य, राग वर्ज्य, असं त्यांचं प्रवचन मी अनेकदा ऐकलं आहे. मोबाईलमधल्या तानपुऱ्याला ते बाटगा म्हणत. ते केस काळे करत, ते वेगळं.

खरी गोष्ट मी, कुसुम आणि एक तपकिरीची डबी, एवढ्यांनाच माहीत होती. दहा वर्षांपूर्वी एका पहाटे बुवांचा आवाज वरच्या षड्जाला अडला. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण मी पेटीचा भाता जोरात दाबून ती जागा भरून काढली. पण मी शेजारी बसलेला होतो. मला त्यांच्या मानेवर आलेला घाम दिसला. त्या दिवशी भजन संपल्यावर ते बाहेर पायरीवर आले. चपला शोधत बसले, आणि त्या त्यांच्या पायांतच होत्या. पेटी साफ करायच्या निमित्तानं मी घरी आणली. कुसुमनं बॅटरी धरली आणि मी एकेक सूर काढून उजवीकडच्या शेजारच्या घरात बसवला. सगळी पेटी एक घर सरकली. म्हणजे बोट काळी तीनवर, आणि वाजतं ते तिच्या अर्ध्या सुरानं खाली. डावीकडे जे घर रिकामं झालं तिथं एक नवा सूर, उजवीकडे जो उरला तो तपकिरीच्या डबीत. मृदंगवाला आपली शाई, म्हणजे मृदंगाचं उजवं तोंड, पेटीलाच जुळवून घेतो, त्यामुळे त्याला कळायचं कारण नव्हतं. पुढच्या एकादशीला बुवा असे गायले की म्हाताऱ्या बायांनी त्यांच्या पायांना हात लावला. ज्येष्ठमधाचा खप वाढला.

चार वर्षांनी पुन्हा तेच. आणखी एक घर. आता काळी तीन दाबली की पांढरी तीनचा सूर वाजे. पूर्ण एक सूर खाली. बुवा केसांचं पांढऱ्याचं काळं करत होते आणि मी त्यांच्या सुराचं काळ्याचं पांढरं. मला याचा आनंद होता. एखाद्याचं म्हातारपण आपण खिशात घालून ठेवावं आणि त्याला पत्ता लागू नये, यात एक चोरटं सुख आहे. माझे कान तोवर बरेच गेले होते. पण मी मृदंगाला गुडघा लावून बसायचो, डोळे बुवांच्या गळ्यावर. गुडघ्यातून ताल यायचा, गळ्यावरून ओळ कळायची. दोघांचं बरं चाललं होतं. एक बहिरा आणि एक म्हातारा, आणि गावाला दोन्ही ठाऊक नाही.

हे मोडलं ते एका पाहुण्यामुळे. तीन वर्षांपूर्वीच्या कार्तिकात तालुक्याचे एक भाऊ काकड्याला आले. पहाटे आले म्हणजे भक्तीच म्हणायची, पण सोबत फोटोवालाही पहाटे आला होता. भाऊंना देवासमोर मधोमध बसवायचं म्हणून मंडळानं मृदंग एका बाजूला सरकवला, पेटी दुसऱ्या बाजूला, आणि मधे गादी, लोड, भाऊ. माझ्या गुडघ्याला मृदंगाऐवजी भाऊंचा लोड आला. लोडाला ताल नसतो. त्यात फोटोवाला बुवांच्या आणि माझ्या मधे उभा राहिला. मी डोळे मिटले आणि आठवणीनं वाजवत राहिलो. अभंग संपला, मृदंग थांबला, झांज थांबली, भाऊ हार घालून घ्यायला उभे राहिले, आणि मी वाजवतोच आहे. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. डोळे उघडले तेव्हा सगळं देऊळ माझ्याकडे बघत होतं आणि दातच दात दिसत होते.

बुवांच्या हातात माईक होता. ओठ वाचायला मला माईक लागत नाही. ते म्हणाले, "भाऊ, आमच्या पेटीवाल्याले आता फक्त देव ऐकू येते. मानसाइचं त्यायनं सोडून देल्लं."

देऊळ पुन्हा हसलं. भाऊ सगळ्यांत जास्त.

पौर्णिमेला माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह. आपल्याकडे माणसाला जागेवरून उठवण्याची सर्वांत सभ्य पद्धत ही आहे. शाल घ्यायला तो उभा राहतो, आणि तेवढ्यात त्याच्या जागेवर दुसरा बसतो. दुसरे होते जिल्हा परिषद शाळेतले एक सर. चांगला माणूस, बोटं स्वच्छ. बुवांनी भाषणात माझ्या सेवेचा गौरव केला आणि आता मला विश्रांतीची गरज आहे असं जाहीर केलं. ती गरज मला तिथंच पहिल्यांदा कळली. शब्बीरभाई देवळाचा भोंगा दुरुस्त करायला येत असे, तो मागं उभा होता. बाहेर पडताना त्यानं शालीचा काठ चिमटीत धरून पाहिला.

"माल ठीक हाये," तो म्हणाला. "थंडीचं काम भागून जाईन."

दोन वर्षं मी घरी होतो. राग येत नव्हता असं नाही, पण तो रिकामा राग होता. त्याला करायला काही काम नव्हतं. ते काम बुवांनीच आणून दिलं.

गेल्या वर्षी गोकुळाष्टमीला सरांनी आपल्या घरचा कीबोर्ड देवळात आणला. पेटीसोबत वाजवून पाहिला आणि जुळेना. सर प्रामाणिक. ते सर्वांसमोर म्हणाले, "बुवा, आपली पेटी दोन घरं खाली आहे. इथली काळी तीन म्हणजे माझ्या मशीनवरची पांढरी तीन."

त्या क्षणी बुवांनी मनाशी हिशेब केला असता तर? पण ज्याला आपल्या आवाजावर शंका घ्यायची सवय नाही, तो पहिली शंका दुसऱ्याच्या कानावर घेतो. ते म्हणाले, "बहिऱ्यानं लावलेली पेटी हाये, सर. अजून काय होईन? दुरुस्त करून घ्या." हे मला शब्बीरभाईनं सांगितलं, हातवारे करून, दोनदा.

दुरुस्त कोण करणार? दुसरा माणूस अमरावतीला, त्याच्याकडे दोन महिन्यांची रांग. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सरांच्या मोटरसायकलवर मागं बसून, पेटी मांडीवर घेऊन, बुवा आमच्या दारात उतरले. मला ऐकू येत नाही म्हणून घरूनच चिठ्ठी लिहून आणली होती. "पेटी दोन घरं उतरली आहे. मशीनशी जुळेल अशी बरोबर लावून द्यावी." खाली सही. सहीखाली कंसात काही लिहिलं नव्हतं, एवढंच.

मी चिठ्ठी वाचली. सर चहा पीत होते. बुवा भिंतीवरची माझी सत्काराची तसबीर बघत होते, फ्रेम कशी आली आहे ते तपासत असल्यासारखे. मला फक्त तोंड उघडायचं होतं. "बुवा, पेटी मुद्दाम उतरवली आहे, तुमच्यासाठी," हे एक वाक्य.

"बरोबर पाहिजे?" मी विचारलं.

"एकदम बरोबर," बुवा मोठ्यानं म्हणाले. "कोनाच्याही पेटीसंग जुळली पाहिजे."

"जुळंल."

ते गेल्यावर कुसुमनं माझ्यासमोर येऊन, मला ओठ दिसतील असं उभं राहून सांगितलं, "आवो, सांगा ना त्याईले. मानूस उघडा पडंल पहाटच्या पारी."

"लिहून देल्लं हाये त्यायनं," मी चिठ्ठी दाखवली.

"तुमी म्हनलं तर ते ऐकतीन."

"मले ऐकू नाही येत," मी म्हणालो आणि पेचकस शोधायला लागलो.

तीन दिवस लागले. डबीतले दोन्ही सूर काढले, चिंचेच्या पाण्यानं पितळ उजळलं. प्रत्येक सूर आपापल्या मूळच्या घरी. दातांत पेचकस धरून मी एकेक थरथर थांबवली. इतकी निर्मळ पेटी मी कान शाबूत असतानाही लावली नसेल. वाईट काम करून सूड घेता आला असता. एखादा सूर ढिला ठेवायचा, ऐन ओळीत तो घसरायचा. पण त्याचं खापर पुन्हा माझ्या कानांवर फुटलं असतं. मला असा सूड हवा होता ज्यात माझं काम निर्दोष असेल.

पहिल्या पहाटे मी सत्काराची शाल पांघरून पहिल्या रांगेत जाऊन बसलो. लोक सरकले, मला जागा करून दिली. सत्कारमूर्तीला तेवढा मान असतो. सरांनी काळी तीन धरली. बुवांनी सूर लावला आणि माझ्या समोर त्यांच्या भुवया वर गेल्या. खालच्या ओळी निघून गेल्या. वरची जागा आली तेव्हा मानेच्या दोन्ही शिरा फुगल्या, हनुवटी पुढं आली, उजवा हात जो नेहमी फुलासारखा उघडायचा तो मुठीत वळला. ते चढले. पण उतरताना त्यांनी पाण्याचा तांब्या मागितला.

मग रोज. पहाटेचा थंड दगड, उदाचा धूर, कढत चहा, आणि समोर एक माणूस रोज एका जिन्याला दोन पायऱ्या जास्त आहेत हे शोधतो आहे. चौथ्या दिवशी त्यांनी थंडीला दोष दिला. आठव्या दिवशी भोंग्याला, आणि शब्बीरभाईला बोलावून घेतलं. शब्बीरभाईनं भोंगा उघडला, आत बघितलं, बंद केला आणि सांगितलं की भोंग्याचा गळा साफ आहे. अकराव्या दिवशी बुवा मृदंगवाल्यावर खेकसले, राग वर्ज्य असताना. कुसुम रोज घरी येऊन बायकांचं बोलणं सांगे. बुवांनी तळलेलं सोडलं होतं, मग दूध सोडलं, मग घरच्यांशी बोलणं सोडलं, आवाज जपायला.

सुटकेचा मार्ग सोपा होता. "सर, पांढरी तीन द्या." एवढं म्हणायचं. पण ते साऱ्या मंडळासमोर म्हणावं लागलं असतं, आणि पत्रिका छापून झाल्या होत्या.

इथं मला वाईट वाटलं असं लिहायचा मोह होतो. अशा लेखांमध्ये या ठिकाणी माणसाला वाईट वाटतं. मला वाटलं नाही. मी शाल सारखी करून बसे आणि त्यांच्या गळ्याकडे बघे, जसं तीस वर्षं बघत आलो होतो. फरक इतकाच की तेव्हा त्यांना सांभाळण्यासाठी बघत होतो. पंधराव्या-सोळाव्या दिवशी त्यांची नजर माझ्या नजरेला लागली. मी मान डोलावली. रसिकानं डोलवावी तशी.

कार्तिक पौर्णिमेला काल्याचं भजन. देऊळ भरलेलं, बाहेर मंडप, भाऊ पुन्हा आलेले, पुन्हा मधोमध. शेवटच्या अभंगात बुवांची एक ठरलेली जागा आहे. वरच्या षड्जावर जाऊन थांबायचं, लोक टाळ्या धरतात, बाया हात जोडतात. ते गेले. मी त्यांचं तोंड उघडलेलं पाहिलं, जबडा थरथरताना पाहिला. आणि मग एकदम शंभरेक माणसांनी एकाच वेळी नजर खाली घातली. सरांची बोटं पेटीवर थबकली. भाऊंनी फोन काढला.

मला काहीही ऐकू आलं नाही.

महिनाभर ज्या क्षणासाठी थंडीत बसलो, तो माझ्या समोर चार हातांवर घडला आणि माझ्यापर्यंत पोचला नाही. माझ्या डोक्यातली ती बारीक काळी चार तेवढी शांतपणे वाजत होती. मी शब्बीरभाईला विचारलं, कसा फाटला?

"नवं कापड फाडतेत ना, तसा."

मृदंगवाल्याला विचारलं, तो म्हणाला, कोंबड्यासारखा. एक म्हातारी म्हणाली, लेकराच्या रडण्यासारखा. कुसुमला विचारलं तर म्हणाली, "मी नाही सांगत, जा." चार दिवस मी असे जबाब गोळा करत हिंडलो. माझा सूड मला ऐकीव मिळाला, आणि प्रत्येकाचा पाठ वेगळा.

पाचव्या दिवशी सकाळी बुवा पायी आले. केसांना रंग लावला नव्हता. बाजेवर बसले, चहा घेतला. सरांसोबत बसून त्यांनी पेटी आणि मशीन जुळवून पाहिली असावी, हिशेबही केला असावा. माझ्याकडे तोंड करून त्यांनी विचारलं, "किती वर्सं?"

"नऊ. दुसरं घर पाचच वर्सं."

त्यांनी बशी बाजेवर ठेवली. "आन् मले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तर तुमी गायले असते का?"

त्यांनी मान हलवली. नाही. मग खालच्या मानेनं काहीतरी म्हणाले. मला ओठांचा कोपराच दिसला, पण तेवढा पुरेसा होता. ते म्हणाले, "पेटी पयल्यासारखी उतरवून द्या."

मी कानामागं हात धरला. "काय जी?"

त्यांनी वर पाहिलं आणि जरा मोठ्यानं म्हटलं. मी पुन्हा हात धरला. पुढं वाकलो. चेहरा शक्य तितका भाबडा केला. आमची गल्ली अरुंद आहे. समोरच्या ओट्यावर बाई तुरीच्या शेंगा सोलत होती, तिचे हात थांबले. बुवांना कळलं की मला कळलं आहे. आणि मला वाटलं आता ते उठून जातील. ते उठले नाहीत. छाती भरून श्वास घेतला, तसा मी त्यांना देवळातही घेताना पाहिला नव्हता, आणि ओरडले,

"माहा आवाज उतरला, वामनराव! पेटी उतरवून द्या! अन् तिच्यावर तुमीच बसा!"

शेवटच्या शब्दावर त्यांचा गळा चिरला. इतक्या जवळून, इतक्या जोरात, की तो मला ऐकू आला. कापडासारखा नव्हता तो, कोंबड्यासारखाही नव्हता. दमलेल्या माणसाचा होता. समोरची बाई शेंगा घेऊन घरात गेली.

"पाहू," मी म्हणालो.

पाहता पाहता वर्ष गेलं. उन्हाळ्यात सरांची पुसदकडे बदली झाली. बुवांचे तीन निरोप आले, चौथ्यांदा पेटीच आली. मी दोन अटी सांगून पाठवल्या होत्या. पेटी आणि मृदंगाच्या मधे कोणीही बसणार नाही, भाऊ आले तरी नाही. आणि भाऊंसमोर माझ्या कानांबद्दल जे बोलले, ते माईकवरूनच परत घ्यायचं, पहिल्याच दिवशी. दोन्ही मान्य झाल्या. पत्रिकेवर या वर्षीही "काळी तीन" छापलं आहे. त्याला मी हरकत घेतली नाही.

काल आणि आज बसून मी सूर सरकवले. कुसुमला आता बॅटरी धरून उभं राहावं लागत नाही, टेबलावर दिवा आहे, तरी ती उभी होती. काम संपल्यावर तिनं घरं मोजली आणि माझ्याकडे पाहिलं. मी दोन घरं सरकवली नव्हती. एकच सरकवलं होतं.

"आन् दुसरं?" तिनं विचारलं.

बुवांना मी "झालं" एवढाच निरोप धाडला आहे. ते दोन समजले असतील. परवा पहाटे साडेचारला मी पेटीवर बसेन, गुडघा मृदंगाला लावून, आणि काळी तीन देईन. अर्ध्या सुराचं ओझं माझ्याकडे. उरलेला अर्धा बुवांनी रोज पहाटे, महिनाभर, आपल्या अंगानं चढायचा आहे.